फुल-लेंथ डाय किती खाली आणावी: पुंगळीचे माप आणि चेंबरचे माप

प्रश्न थोडक्यात असा आहे. .३०८ विंचेस्टर काडतुसाची बोल्ट ॲक्शन रायफल आहे, डागलेल्या पुंगळ्या (काडतुसांची पितळी कवचे) पुन्हा भरून वापरायच्या आहेत आणि सर्व पुंगळ्या त्याच रायफलीत डागलेल्या आहेत. फुल-लेंथ डाय, म्हणजे डागून फुगलेली पुंगळी दाबून पुन्हा मापात आणणारा प्रेसमधला साचा, तिच्यासोबतच्या सूचनेप्रमाणे बसवली होती: शेल होल्डरला, म्हणजे प्रेसमध्ये पुंगळीचे बूड धरणाऱ्या भागाला, टेकेपर्यंत आणि त्यापुढे आणखी पाव फेरा. चार-पाच भरण्यांनंतर काही पुंगळ्यांच्या बुडाजवळ चकाकते वलय दिसू लागले. म्हणून डाय अर्धा फेरा वर घेतली, तर आता बोल्ट इतका जड बंद होतो की डायमध्ये न घातलेली, नुसती डागलेली पुंगळीसुद्धा त्याहून सहज आत जाते. तेव्हा फुल-लेंथ डाय सोडून फक्त मान दाबणारी नेक डाय घ्यावी का?

नेक डाय घेण्याची गरज नाही. दोन्ही तक्रारी परस्परविरुद्ध वाटल्या तरी त्यांचे मूळ एकच आहे: डाय किती खाली आणायची हे चेंबर, म्हणजे नळीतली काडतूस बसण्याची जागा, न मोजता ठरवले गेले. पहिल्या वेळी ती गरजेपेक्षा खाली होती, दुसऱ्या वेळी गरजेपेक्षा बरीच वर. योग्य जागा या दोहोंच्या मधल्या एका अरुंद पट्ट्यात आहे आणि ती फेऱ्यांच्या हिशेबाने सापडत नाही, मोजमापानेच सापडते.

आधी वलयाबद्दल, कारण त्यात धोका आहे. बुडाशी बाहेर आलेली कड (रिम) नसलेले, बाटलीसारख्या मानेचे काडतूस चेंबरमध्ये पुढे जाते ते त्याचा खांदा चेंबरच्या खांद्याला टेकेपर्यंत. बोल्टचा दर्शनी पृष्ठभाग आणि चेंबरच्या खांद्यावरची एक ठरावीक रेषा यांतील अंतराला हेडस्पेस म्हणतात. .३०८ मध्ये ही रेषा खांद्याचा व्यास ०.४०० इंच असतो त्या ठिकाणी धरतात. पुंगळीचा खांदा डायने गरजेपेक्षा मागे ढकलला असेल, तर बोल्ट बंद झाल्यावरही पुंगळीला मागेपुढे सरकायला जागा उरते. फायरिंग पिनचा ठोका बसताच पुंगळी पुढे जाते आणि तिचा खांदा टेकतो. दारू पेटून दाब वाढू लागला की पुढच्या भागातले पातळ पितळ प्रथम फुगते आणि चेंबरच्या भिंतीला घट्ट धरून बसते. बूड मात्र जाड असल्यामुळे तसे धरले जात नाही. .३०८ साठी मान्य असलेला कमाल दाब ६२,००० पौंड प्रति चौरस इंच आहे. त्या दाबाखाली बूड बोल्टला टेकेपर्यंत मागे रेटले जाते. पुढचा भाग अडकलेला आणि मागचा भाग मागे चाललेला, अशा वेळी ताण पडतो तो भरीव बूड संपून पातळ भिंत सुरू होते त्या जागी. पितळ तिथे ताणले जाऊन आतून पातळ होते. पुढच्या सायझिंगमध्ये, म्हणजे डायमध्ये दाबून मापात आणताना, खांदा पुन्हा तितकाच मागे ढकलला जातो, पुढच्या बारात पितळ पुन्हा तितकेच ताणले जाते, आणि काही भरण्यांनंतर पुंगळी तिथेच आडवी तुटते.

येथे एक फरक नीट समजून घ्यावा, कारण त्याअभावी चांगल्या पुंगळ्या फेकल्या जातात आणि वाईट ठेवल्या जातात. डायचे तोंड ज्या उंचीपर्यंत पोहोचते तिथे पुंगळीवर बाहेरून एक हलकी रेघ उमटते, आणि तीही चकाकते. ती निरुपद्रवी असते. धोक्याचे वलय बहुधा त्याच परिसरात, .३०८ मध्ये बुडापासून साधारण ७ ते ८ मिलिमीटर वर दिसते, पण त्याचे खरे कारण आतल्या बाजूला असते. म्हणून बाहेरून पाहून निर्णय करू नये. पोलादी तारेचे टोक घासून अणकुचीदार करावे, शेवटचे दोन-तीन मिलिमीटर काटकोनात वाकवावे, तार मानेतून आत घालून टोक भिंतीला टेकवावे आणि बुडाच्या तळापासून हळूहळू वर ओढावे. निरोगी पुंगळीत टोक जाड भागावरून पातळ भागाकडे सलग सरकत येते. ताणलेल्या पुंगळीत ते त्या जागी एका खाचेत अडकते आणि बोटांना स्पष्ट जाणवते. शंका राहिलीच तर संशयित पुंगळ्यांपैकी एक उभी चिरून पाहावी. चिरलेल्या भिंतीत आतून कोरल्यासारखा खोलगट पट्टा एकदा प्रत्यक्ष पाहिला की तारेने काय शोधायचे ते हाताला कळते.

आता सूचनेप्रमाणे बसवलेली डाय इतके नुकसान का करते? सूचना चुकीची नाही, तिचा हेतू वेगळा आहे. डाय बनवणाऱ्याला आपली रायफल माहीत नसते. आपल्या डायमधून निघालेली पुंगळी कोणत्याही प्रमाणित चेंबरमध्ये बसावी एवढेच त्याला पाहायचे असते, म्हणून तो सर्वांत लहान चेंबर डोळ्यांपुढे ठेवतो. १९२६ मध्ये स्थापन झालेल्या सामी या शस्त्रे व दारूगोळा उत्पादकांच्या अमेरिकी संस्थेच्या मानकाप्रमाणे .३०८ च्या चेंबरचे हेडस्पेस १.६३० ते १.६४० इंच या मर्यादेत चालते आणि काडतुसाचे तेच माप १.६२७ ते १.६३४ इंच. सर्वांत मोठ्या चेंबरमध्ये सर्वांत आखूड काडतूस गेले तर ०.०१३ इंच, म्हणजे सुमारे एक तृतीयांश मिलिमीटर जागा मोकळी राहते, आणि दोन्ही वस्तू कागदोपत्री निर्दोष असतात. कारखान्याचे काडतूस एकदाच डागले जाते, त्याला तेवढा ताण सोसतो. तीच पुंगळी पुन्हा पुन्हा वापरायची तर तेवढे ताणणे आणि तेवढेच मागे ढकलणे तिला झेपत नाही. मानकातले आकडे उत्पादनाच्या मर्यादा आहेत. पुनर्भरण करणाऱ्यासाठी लक्ष्य एकच, स्वतःच्या चेंबरचे माप, आणि ते त्याला फुकट मिळते, कारण प्रत्येक डागलेली पुंगळी त्या चेंबरचा साचा घेऊनच बाहेर पडते.

दुसऱ्या तक्रारीचे उत्तर मात्र सहज सुचणारे नाही. डाय वर घेतली तर खांद्याला तिचा स्पर्शच होणार नाही, मग पुंगळी निदान डागल्यावर होती तेवढीच राहायला हवी, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात सायझिंग दोन टप्प्यांत घडते. पुंगळी डायमध्ये शिरू लागली की प्रथम तिचे अंग बाजूंनी आवळले जाते. आवळलेले पितळ कुठेतरी जायला हवे, बाजूंना वाव नसतो, म्हणून ते पुढे सरकते आणि आपल्यासोबत खांद्यालाही काही हजारांश इंच पुढे नेते. डायचा खांदा पुंगळीच्या खांद्याला टेकल्यावरच तो मागे जाऊ लागतो. अर्धा फेरा वर घेतलेल्या डायमध्ये पहिला टप्पा घडला आणि दुसरा घडलाच नाही. पुंगळी अंगाने बारीक झाली, पण खांद्यापर्यंतची तिची लांबी चेंबरहून वाढली. ही तक्रार मला वारंवार ऐकू येते आणि बहुतेक वेळा रायफलीला किंवा डायला दोष दिलेला असतो. जड बंद होणारा बोल्ट हातोडीने ठोकून किंवा हाताने रेटून बंद करू नये. त्याने बोल्टच्या लग्जवर, म्हणजे त्याला बंद स्थितीत अडकवून धरणाऱ्या दातांवर, घर्षण वाढते आणि काडतूस वाकडे बसून नेमही बिघडतो.

अर्धा फेरा म्हणजे किती, हेही पाहण्यासारखे आहे. प्रचलित डायचे आटे ७/८ इंच व्यासाचे आणि इंचाला १४ असतात, म्हणून एका पूर्ण फेऱ्यात डाय ०.०७१ इंच सरकते आणि अर्ध्या फेऱ्यात जवळपास ०.०३६ इंच. आपल्याला खांदा मागे हवा आहे तो ०.००१ ते ०.००२ इंच. हिशेब केला तर ०.००१ इंचाला डाय फक्त ५ अंश फिरवावी लागते. लॉक रिंगच्या, म्हणजे डाय जागेवर पक्की करणाऱ्या कड्याच्या, कडेवर पाहिले तर ०.००२ इंच म्हणजे जेमतेम तीन मिलिमीटरांचे अंतर. पाव फेरा, अर्धा फेरा ही भाषा या कामासाठी फारच ढोबळ आहे.

मोजमापासाठी कॅलिपर आणि त्याला लावायचा खांद्याचा कम्परेटर एवढी दोन साधने पुरतात. कम्परेटर हा ठरावीक व्यासाचे छिद्र असलेला ठोकळा असतो. ते छिद्र खांद्यावर बसते आणि कॅलिपर बुडापासून तिथवरचे अंतर दाखवतो. मिळालेला आकडा मानकातल्या आकड्याशी तंतोतंत जुळेलच असे नाही, कारण छिद्राची कड आणि व्यास थोडे वेगळे असतात. त्याने काही बिघडत नाही. आपल्याला डागलेली पुंगळी आणि सायझिंग केलेली पुंगळी यांतील फरक हवा आहे, आणि तो त्याच साधनाने त्याच हाताने मोजला की विश्वासार्ह असतो.

मोजण्यापूर्वी जुना प्रायमर, म्हणजे बुडातली दारू पेटवणारी टोपी, काढून टाकावा. तो काढण्यासाठी वेगळी डिकॅपिंग डाय वापरावी, म्हणजे पुंगळीचे माप बदलत नाही. प्रायमर बुडाच्या पातळीहून केसभर जरी वर आलेला असेल, आणि कमी दाबाच्या भरणीत तो येतोच, तर आकडा खोटा निघतो. खिशाच्या कडेला खरवड उठली असेल तर तीही साफ करावी. दुसरी काळजी अशी की पहिल्याच बारात पुंगळी चेंबर पूर्ण भरतेच असे नाही. नवे पितळ मऊ असते, दाब मध्यम असला तर खांदा चेंबरला पूर्ण न टेकता थांबतो. म्हणून दोन-तीनदा डागलेल्या आणि बोल्ट बंद करताना किंचित अडू लागलेल्या पुंगळ्या घ्याव्यात. त्यांपैकी दहा तरी मोजाव्यात आणि वारंवार येणारा आकडा धरावा. एकच पुंगळी मोजून डाय बसवणे मला मान्य नाही.

आता डाय बसवण्याचे काम. ती शेल होल्डरपासून एक फेरा वर ठेवून सुरुवात करावी. पुंगळीला वंगण लावून दाबावी, पुसावी, मोजावी. डाय थोडी खाली आणावी, पुन्हा तेच. आकडा आधी वाढत जाईल आणि वर सांगितलेला पहिला टप्पा डोळ्यांना दिसेल. मग एका जागी तो थांबेल आणि कमी होऊ लागेल. तिथून पुढे पाच-पाच अंशांनीच जावे. डागलेल्या पुंगळीच्या मापाहून ०.००१ ते ०.००२ इंच कमी आले की थांबावे आणि लॉक रिंग आवळावी. एकच पुंगळी पुन्हा पुन्हा दाबत राहू नये, तिचे पितळ कडक होऊन आकडे फसवे येऊ लागतात. दर दोन-तीन पायऱ्यांनी ताजी डागलेली पुंगळी घ्यावी.

आकड्याची खातरजमा खुद्द रायफलीत करावी. बोल्टमधून फायरिंग पिनची जोडणी काढावी. इजेक्टर (पुंगळी बाहेर फेकणारा भाग) स्प्रिंगवर चालणारा असेल तर तोही काढावा, कारण तो पुंगळीला पुढे रेटतो आणि खरा स्पर्श झाकून टाकतो. अशा मोकळ्या केलेल्या बोल्टचे हँडल रिकाम्या चेंबरवर स्वतःच्या वजनाने खाली पडते. न दाबलेली डागलेली पुंगळी घातली तर ते मधेच अडते. डाय जशी खाली येईल तसे ते अधिकाधिक खाली जाऊन थांबेल, आणि ज्या बैठकीला ते प्रथमच सलग खाली पडेल ती चेंबरच्या मापाची खूण. त्या बैठकीहून किंचित, केसभरच पुढे जावे. ही चाचणी केवळ प्रायमर, दारू आणि गोळी नसलेल्या पुंगळीनेच करायची, जिवंत काडतूस त्या टेबलावरही नसावे. हाताच्या या जाणिवेवर माझा कॅलिपरपेक्षाही अधिक भरवसा आहे. दोन्ही एकमेकांशी जुळत नसतील, तर कॅलिपर पुन्हा तपासावा.

एवढे केल्यावरही आकडे पुंगळीगणिक ०.००१ इंचाने हलतात, आणि त्याची कारणे ठाऊक असावीत. पितळ दाबले की थोडे परत फिरते. ते किती फिरेल हे त्याच्या कडकपणावर ठरते आणि प्रत्येक डागणी-दाबणीने ते कडक होत जाते. म्हणून तीच डाय, तीच बैठक असूनही सहा वेळा वापरलेल्या पुंगळीचा खांदा नव्या पुंगळीइतका मागे जात नाही. मान आणि खांदा तापवून मऊ करण्याची प्रक्रिया, म्हणजे ॲनीलिंग, हा त्यावरचा उपाय आहे. मात्र ती फक्त मान आणि खांद्यापुरती. बुडाकडचे पितळ मऊ झाले तर दाब पेलण्याची त्याची ताकद जाते आणि अशी पुंगळी कोणत्याही सायझिंगने वाचत नाही. ॲनीलिंगनंतर डायची बैठक पुन्हा मोजून घ्यावी, कारण मऊ पितळ जास्त मागे जाते.

वंगण सर्व पुंगळ्यांना सारखे हवे. कमी झाले तर पुंगळी डायमध्ये अडकते. जास्त झाले तर ते खांद्यापाशी साचून तिथे खळगे पाडते. प्रेसचा दांडा खाली आल्यावर तीन-चार सेकंद तसाच धरला की पितळाला बसायला वेळ मिळतो आणि आकड्यांतला फरक कमी होतो. प्रेसची चौकट ताणाखाली किंचित वाकते, त्यामुळे डाय आणि शेल होल्डर रिकामे टेकलेले दिसले तरी पुंगळी आत असताना त्यांच्यात फट राहू शकते. शेल होल्डर बदलला तर डायची बैठक बदलली असे समजावे. त्यात पुंगळीचे बूड टेकते तिथपासून वरच्या कडेपर्यंतची उंची ०.१२५ इंच धरतात, पण दोन होल्डरांत एखाद-दोन हजारांशांचा फरक सापडतोच. याच गुणाचा उपयोग करून ०.००२ इंचाच्या टप्प्यांनी उंच केलेले शेल होल्डर मिळतात. डाय घट्ट टेकवून होल्डर बदलत जाणे ही अंशांच्या हिशेबापेक्षा स्थिर पद्धत आहे आणि खर्च करायचाच असेल तर मी नेक डायऐवजी यावर करण्याचा सल्ला देईन.

नेक डायबद्दलचे माझे मत त्यामुळे स्पष्ट आहे. फक्त मान दाबल्याने अंग आणि खांदा चेंबरच्या मापाचे राहतात, हे खरे. पण ते दर बाराला थोडे वाढत जातात आणि काही भरण्यांनंतर बोल्ट जड होतोच. त्या वेळी खांदा मागे ढकलावा लागतो, म्हणजे फुल-लेंथ डाय सुटत नाही. दरम्यान प्रत्येक भरणीत पुंगळी चेंबरमध्ये वेगवेगळ्या घट्टपणाने बसते. नेमकेपणासाठी धडपडणाऱ्या अनेक नेमबाजांनी याच कारणाने नेक सायझिंग सोडून अगदी थोडा खांदा मागे घेणारे फुल-लेंथ सायझिंग स्वीकारले आहे. शिकारीत किंवा धुळीत वापरायच्या काडतुसांसाठी तर बोल्ट सहज बंद होणे ही पहिली अट आहे.

नेक सायझिंगला खरा अर्थ आहे तो मोठ्या, सैल चेंबरांत. .३०३ ब्रिटिश हे याचे उत्तम उदाहरण. हे रिमचे काडतूस आहे, त्याचे हेडस्पेस रिमवर ठरते, आणि ली-एनफिल्डची लष्करी चेंबरे चिखलमातीतही काडतूस आत जावे म्हणून खांद्याकडे मुद्दाम ऐसपैस ठेवलेली असतात. पहिल्या बारात खांदा बराच पुढे जातो. फुल-लेंथ डाय पूर्ण खाली आणून तो दर वेळी मागे आणला, तर पुंगळ्या फार लवकर तुटतात. क्रमांक ४ च्या रायफलींसाठी ० ते ३ क्रमांकांची बोल्ट हेड होती. ती बदलून रिमपाशी असलेली जागा कमी करता येते, खांद्यापुढची मोकळी जागा मात्र तशीच राहते. तिथे खांदा न हलवता मान दाबणे, किंवा फुल-लेंथ डाय खांद्याला जेमतेम स्पर्श करेल इतकीच आणणे योग्य. .३७५ एच अँड एचसारख्या, बुडाजवळ उंच पट्टा असलेल्या काडतुसांचेही तसेच. पट्टा हेडस्पेस ठरवतो खरा, पण एकदा डागल्यानंतर खांद्यावर टेकू दिले तर पुंगळ्या कितीतरी अधिक टिकतात.

स्वयंचलित भरणीच्या रायफलीत खांदा ०.००३ ते ०.००४ इंच मागे घ्यावा. तिथे बोल्टला हाताचा जोर नसतो, आणि अर्धवट बंद झालेला बोल्ट पुंगळीच्या थोड्या ताणापेक्षा कितीतरी धोक्याचा. दुसऱ्या रायफलीत डागलेल्या पुंगळ्या आल्या तर त्यांना प्रथम पूर्ण सायझिंगच करावे, त्यांच्यावरून आपल्या चेंबरचा अंदाज बांधू नये.

सायझिंगमुळे पुंगळीची एकूण लांबीही वाढते, आणि त्यात एक्स्पांडरच्या, म्हणजे डायमधल्या मान आतून रुंद करणाऱ्या भागाच्या, गोळ्याचा वाटा मोठा असतो. कोरड्या मानेतून तो ओढला गेला की मान आणि कधीकधी खांदाही पुढे खेचला जातो, आणि मग कम्परेटरवर विनाकारण वाढलेला आकडा दिसतो. मानेच्या आत वंगणाचा हलका हात फिरवावा. .३०८ ची कमाल लांबी २.०१५ इंच आहे आणि ती गाठण्याआधी पुंगळी २.००५ इंचांवर कापून कडा साफ कराव्यात. ही मर्यादा ओलांडलेल्या पुंगळीचे तोंड चेंबरच्या पुढच्या टोकात शिरून गोळीभोवती आवळले जाते, गोळी सुटायला जागा राहत नाही आणि दाब धोकादायक पातळीला जातो. बोल्ट जड होण्याचे हेही एक कारण असू शकते. म्हणून डायला हात लावण्यापूर्वी एकूण लांबी मोजावी.

राहता राहिल्या हाताशी असलेल्या पुंगळ्या. अर्धा फेरा वर असताना दाबलेल्या पुंगळ्या वाया गेलेल्या नाहीत, नव्या बैठकीवर त्या पुन्हा दाबून घ्याव्यात. ज्यांच्यात तार अडकली त्या सर्व बाद कराव्यात, आणि त्याच खेपेतल्या, तितक्याच वेळा डागलेल्या बाकीच्या पुंगळ्यांचाही मोह धरू नये, कारण त्यांनी तेवढाच ताण सोसलेला आहे. बाद केलेल्या पुंगळीचे तोंड पक्कडीने चेपावे, म्हणजे ती चुकून पुन्हा भरणीच्या पेटीत येत नाही. नव्या पुंगळ्यांवर खांदा ०.००२ इंचाहून जास्त मागे न घेताही पुन्हा तसेच वलय आले, तर मात्र डायचा विचार थांबवून रायफल बंदूक-कारागिराकडे न्यावी आणि हेडस्पेस गेजने तपासून घ्यावी. .३०८ साठी १.६३० इंचाच्या गो गेजवर बोल्ट बंद व्हायला हवा आणि १.६३४ इंचाच्या नो-गो गेजवर होता कामा नये. १.६३८ इंचाच्या फील्ड गेजवरही बोल्ट बंद होत असेल, तर ती रायफल दुरुस्त होईपर्यंत डागू नये.